अंगणातले तारे आणि पट्टे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मे महिन्याचा शेवटचा सोमवार आणि सप्टेंबरचा पहिला सोमवार या दोन सुट्यांमधला काळ लोकव्यवहारात उन्हाळा मानला जातो, आणि तिथले तीन राष्ट्रीय दिवस याच काळात येतात : युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा ‘मेमोरियल डे’, १४ जूनचा ध्वजदिन आणि ४ जुलैचा स्वातंत्र्यदिन. मेअखेरीस घरापुढील ओसरीच्या कठड्यावर, कुंपणावर, टपालपेटीच्या खांबावर आणि फुलांच्या वाफ्यांत लाल, पांढऱ्या व निळ्या रंगांची जी सजावट चढते, ती अनेक घरांत सप्टेंबर उजाडेपर्यंत उतरत नाही. आज यातला मोठा भाग दुकानातून येतो. परंतु या सजावटीची एक जुनी, घरगुती शाखा आहे आणि तिचे साहित्य म्हणजे खाद्यपदार्थांचे रिकामे डबे, मालवाहतुकीच्या लाकडी चौकटी, मोडकी शेती-अवजारे, विटलेल्या विजारी, कपडे वाळत घालायचे चिमटे आणि रिकाम्या बाटल्या. मुलांची सुट्टी सत्कारणी लावण्याचा उद्योग एवढ्यावरच या कामाची सहसा बोळवण होते. ते अन्यायाचे आहे, कारण राष्ट्रचिन्हावर सामान्य घराचा हक्क किती आणि त्याचा मान राखायचा तो कसा, हे दोन्ही प्रश्न या टाकाऊतून टिकाऊ केलेल्या वस्तूंत गुंतलेले आहेत, आणि त्यांचे उत्तर दुकानी सजावटीपेक्षा या वस्तूच अधिक प्रामाणिकपणे देतात.

मेमोरियल डेचे मूळ नावच ‘डेकोरेशन डे’ असे होते. यादवी युद्ध संपल्यानंतर उत्तरेच्या माजी सैनिकांच्या ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ या संघटनेचे प्रमुख जनरल जॉन लोगन यांनी ३० मे १८६८ हा दिवस सैनिकांच्या थडग्यांवर फुले वाहण्यासाठी नेमून दिला. त्याच्याही तीन वर्षे आधी, १ मे १८६५ रोजी, दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन शहरात नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर उभारलेल्या तुरुंगछावणीत मेलेल्या अडीचशेहून अधिक सैनिकांचे नव्याने रीतसर दफन केले, त्या जागेभोवती कुंपण घातले आणि शाळकरी मुलांनी आणलेल्या फुलांनी ती भूमी झाकून टाकली. इतिहासकार डेव्हिड ब्लाइट यांच्या संशोधनामुळे हा प्रसंग पुन्हा उजेडात आला. म्हणजे या राष्ट्रीय सजावटीच्या मुळाशी शासकीय सोहळा नाही, तर हाताशी असेल ते घेऊन निघालेली माणसे आहेत. स्वातंत्र्यदिनाच्या बाबतीतही निराळे नाही : जॉन अ‍ॅडम्स यांनी ३ जुलै १७७६ रोजी पत्नीला लिहिलेल्या पत्रात मिरवणुका, खेळ, घंटानाद, होळ्या आणि रोषणाई यांनी हा सण पुढच्या पिढ्या साजरा करतील असे भाकीत केले (त्यांच्या मनात तारीख २ जुलैची होती), तर या दिवसाला संघराज्याच्या सुटीचा दर्जा मिळाला तो १८७० साली. ऱ्होड आयलंड राज्यातील ब्रिस्टल या गावी १७८५ पासून हा उत्सव अखंड चालू आहे, आणि तिथल्या मिरवणुकीच्या रस्त्याचा मधला पट्टा बाराही महिने लाल, पांढरा व निळा रंगवलेला असतो.

घरगुती कलेला एवढी मोकळीक मिळाली, याचे एक कारण ध्वजाच्या इतिहासातच सापडते. १४ जून १७७७ च्या ठरावाने तेरा पट्टे आणि निळ्या पार्श्वभूमीवर तेरा तारे एवढेच सांगितले. तारे कसे मांडावेत, त्यांना किती टोके असावीत, ध्वजाची लांबी-रुंदी कोणत्या प्रमाणात असावी, याविषयी तो ठराव गप्प होता. १८१८ च्या कायद्याने पट्टे तेरावर कायम केले आणि दर नव्या राज्यामागे एक तारा वाढेल असे ठरवले, पण ताऱ्यांची मांडणी तशीच मोकळी ठेवली. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी २४ जून १९१२ रोजी आदेश काढून प्रमाणे व मांडणी निश्चित करीपर्यंत, म्हणजे जवळपास एकशे पस्तीस वर्षे, ध्वज शिवणारा प्रत्येक हात आपापल्या मनाने तारे मांडत होता : कोणी ओळीत, कोणी वर्तुळात, कोणी सगळे तारे मिळून एक मोठा तारा होईल अशा रीतीने. आजचा पन्नास ताऱ्यांचा, नऊ आडव्या ओळींत सहा व पाच असे आळीपाळीने तारे असलेला ध्वज ४ जुलै १९६० पासूनचा आहे. जुन्या घरगुती ध्वजांतील वाकडे तारे संग्राहकांना मोलाचे वाटतात ते याचमुळे. त्या काळी चुकीचा असा ध्वज नव्हताच.

पहिला ध्वज फिलाडेल्फियाच्या बेट्सी रॉस यांनी शिवला, ही कथा त्यांच्या नातवाने १८७० साली प्रथम जाहीरपणे मांडली. तिला समकालीन पुरावा मिळत नाही. पुराव्यानिशी उभी आहे ती बाल्टिमोरच्या मेरी पिकर्सगिल यांची कथा. १८१३ च्या उन्हाळ्यात त्यांनी फोर्ट मॅकहेन्रीसाठी ३० फूट रुंद व ४२ फूट लांब असा लोकरी ध्वज शिवला. तो घरात मावेना, म्हणून जवळच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातील मोठ्या जमिनीवर पसरून पुरा केला गेला. मुलगी, भाच्या आणि ग्रेस विशर नावाची, करारावर बांधलेली कृष्णवर्णीय मुलगी या सगळ्या त्यात राबल्या. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रगीताचा विषय झालेला हा ध्वज आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, पण मूळ लांबीने नाही, कारण एकोणिसाव्या शतकात स्मृतिचिन्हे म्हणून त्याचे तुकडे कापून वाटले गेले. ध्वजाचा तुकडा कापणे ही तेव्हा विटंबना नसून भक्ती मानली जाई, ही गोष्ट आजच्या वाचकाने मुद्दाम ध्यानात घ्यावी.

अंगण आणि ध्वज यांचा थेट संबंध जोडणारी सर्वांत सुंदर वस्तू न्यूयॉर्कच्या ‘अमेरिकन फोक आर्ट म्युझियम’मध्ये आहे. न्यूयॉर्क राज्याच्या जेफरसन परगण्यातील डार्लिंग कुटुंबाच्या शेतासाठी १८७६ च्या सुमारास, म्हणजे स्वातंत्र्याच्या शताब्दीच्या वेळी, केलेले हे लाकडी फाटक आहे. ते साधारण सव्वातीन फूट उंच आणि पावणेपाच फूट रुंद आहे; त्याच्या आडव्या फळ्या सरळ न ठेवता लाटांसारख्या कापल्या आहेत, त्यामुळे लाल-पांढरे पट्टे वाऱ्यावर हलत असल्याचा भास होतो, आणि बिजागरीच्या बाजूचा वरचा कोपरा निळा रंगवून त्यावर तारे बसवले आहेत. बिजागरीच्या जागी ध्वजाची काठी आहे अशी कल्पना केली की सगळी रचना उलगडते : फाटक उघडले की ध्वज फडकतो. एरवी गुरे आत-बाहेर करण्यापुरते असणारे हे काम कुणा सुताराने, किंवा घरच्याच माणसाने, असे केले. १९६१ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयाला भेट म्हणून मिळालेली ही पहिली वस्तू होय. कर्त्याचे नाव मात्र कोठेही नोंदलेले नाही.

या कारागिरीमागे काटकसरीची एक जाणीवपूर्वक जोपासलेली परंपराही आहे. लिडिया मारिया चाइल्ड यांचे ‘द फ्रुगल हाउसवाइफ’ हे पुस्तक १८२९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि वेळेचा असो वा वस्तूचा, एकही तुकडा वाया जाऊ न देणे हेच गृहव्यवस्थेचे सार होय, असे त्यात आरंभीच प्रतिपादले आहे. १९३० च्या दशकातील मंदीत पीठ व पशुखाद्य कापडी पोत्यांतून येत असे, त्या पोत्यांचे कपडे व गोधड्या होत, आणि हे ओळखून गिरण्यांनी पोत्यांवर फुलांची नक्षी छापायला सुरुवात केली. अलाबामातील जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतात झिजलेल्या विजारी-सदऱ्यांपासून शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात मांडल्या गेल्या, तेव्हा समीक्षकांनी त्यांना आधुनिक चित्रकलेच्या तोडीचे मानले. जुन्या जीन्सचा निळा चौकोन आणि पडद्यांचे लाल-पांढरे पट्टे जोडून आज जे घरगुती भिंतध्वज शिवले जातात, त्यांची आजी ही गोधडीच. चित्रकार जॅस्पर जॉन्स यांचे ‘फ्लॅग’ हे प्रसिद्ध चित्रही (१९५४–५५) चादरीवर, वर्तमानपत्राच्या कपट्यांवर मेण व रंग यांचा थर देऊन घडवलेले आहे.

बागेतील सजावटीचा दुसरा प्रवाह दक्षिणेकडून येतो. झाडाच्या छाटलेल्या फांद्यांवर निळ्या बाटल्या उपड्या घालण्याची ‘बाटल्यांच्या झाडा’ची पद्धत कृष्णवर्णीय समाजात रुजली, आणि तिची मुळे मध्य आफ्रिकेतील काँगो प्रदेशाच्या धर्मकल्पनांत शोधली जातात : रात्री भटकणारे दुष्ट आत्मे बाटलीत शिरतात आणि सकाळच्या उन्हात नष्ट होतात, अशी त्यामागची श्रद्धा. आज हे झाड कोणत्याही वंशाच्या घरापुढे दिसते आणि जुलैत त्यावर लाल व पांढऱ्या बाटल्यांची भर पडते, तेव्हा मूळ अर्थ विसरला गेलेला असतो. विसरला तरी तो तिथून गेलेला नाही. ज्यांच्या पूर्वजांसाठी १७७६ चे स्वातंत्र्य नव्हते, आणि ज्यांच्या वतीने फ्रेडरिक डग्लस यांनी ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथे हा सण गुलामाचा कसा काय असू शकतो असा जाब विचारला, त्यांनीच या राष्ट्रीय अंगणाला त्याचे एक ठळक लक्षण दिले आहे.

भंगारातून बाग उभारणाऱ्यांत व्हॉलिस सिम्प्सन (१९१९–२०१३) यांचे नाव वगळता येत नाही. उत्तर कॅरोलायनातील लुकामा गावी यंत्रदुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या सिम्प्सन यांनी दुसऱ्या महायुद्धात सायपान बेटावर मोडलेल्या बॉम्बफेकी विमानाचे भाग जोडून वाऱ्यावर चालणारे कपडे धुण्याचे यंत्र केले होते. साठी उलटल्यावर, व्यवसाय आवरता घेऊन, त्यांनी आपल्या जमिनीवर प्रचंड भिरभिरी उभारायला घेतली. सायकलींची चाके, पंख्यांची पाती, शेतीयंत्रांचे सुटे भाग आणि रस्त्यावरच्या जुन्या पाट्यांचे चकाकणारे कपटे यांतून घडलेली ही यंत्रे रात्री मोटारीच्या दिव्यांत लखलखत. त्यांतले ‘लाइफ, लिबर्टी अँड द परस्युट ऑफ हॅपिनेस’, म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील तीन हक्कांचेच नाव धारण करणारे सुमारे ५५ फूट उंचीचे भिरभिरे, बाल्टिमोरच्या ‘अमेरिकन व्हिजनरी आर्ट म्युझियम’समोर १९९५ पासून उभे आहे, त्याच शहरात जिथे पिकर्सगिल यांनी आपला ध्वज शिवला. सिम्प्सन यांच्या निधनाच्याच वर्षी उत्तर कॅरोलायनाने भिरभिऱ्याला राज्याची अधिकृत लोककला ठरवले, आणि २०१७ मध्ये विल्सन शहरात त्यांच्या कलाकृतींचे उद्यान खुले झाले. चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये फुटक्या कपबश्या व बांगड्यांतून नेकचंद यांनी जी सृष्टी निर्माण केली, तिच्या जवळचे हे काम आहे.

सामान्य घरातला उद्योग अर्थातच एवढा भव्य नसतो, पण त्याची तंत्रे पाहण्याजोगी आहेत. त्यांतले पत्र्याच्या डब्याच्या कंदिलाचे तंत्र विशेष हुशारीचे आहे. रिकाम्या डब्यावर खिळा ठोकला तर पत्रा चेपतो; म्हणून डबा धुऊन, कागद काढून, काठाखाली बोटभर जागा सोडून त्यात पाणी भरतात आणि रात्रभर गोठवतात. बर्फाने डबा आतून भक्कम होतो. मग कागदावर ठिपक्यांनी ताऱ्याची आकृती काढून तो कागद डब्याभोवती चिकटवतात, डबा घरंगळू नये म्हणून घडी केलेल्या टॉवेलवर आडवा ठेवतात आणि एकेका ठिपक्यावर खिळा ठेवून हातोडीने भोक पाडतात. काम रेंगाळले तर बर्फ वितळू लागतो आणि पत्रा पुन्हा चेपू लागतो, म्हणून नक्षी आधीच पक्की ठरवलेली असावी लागते. पाणी गोठताना फुगते, त्यामुळे डब्याचा तळ किंचित बाहेर येतो. तो नंतर उलट्या बाजूने ठोकून सपाट करावा लागतो. बाहेरून निळा रंग दिला आणि आत मेणबत्ती ठेवली की ओसरीच्या पायऱ्यांवर ताऱ्यांची रांग लागते. भोके पाडलेल्या पत्र्याचे कंदील अमेरिकेत जुने आहेत. वाटाण्याच्या किंवा टोमॅटोच्या डब्याने ती कला मुलांच्या हाती दिली, एवढेच. हाच डबा बुडाकडून कापून, खालच्या काठाला भोके पाडून त्यांत जुन्या चादरीच्या लाल-पांढऱ्या फिती बांधल्या की वाऱ्याची दिशा दाखवणारी लोंबती पताका होते.

लाकडी चिमट्यांचे वर्तुळाकार तोरण त्याहून सोपे : तारेच्या कड्यावर लाल, पांढरे व निळे रंगवलेले चिमटे दाटीने खोचायचे आणि निळ्या भागावर लहान तारे चिकटवायचे. लहान मुले सायकलीच्या आऱ्यांतून क्रेप कागदाच्या फिती विणतात आणि ४ जुलैच्या सकाळी वस्तीतल्या सायकल-मिरवणुकीत सामील होतात. मोठ्यांचा ओढा मात्र ‘पॅलेट’कडे असतो. पॅलेट म्हणजे मालाच्या थप्प्या यंत्राने उचलता याव्यात म्हणून फळ्या ठोकून केलेली चौकट. अमेरिकेत तिचे रूढ माप ४८ बाय ४० इंच असते. तिच्या फळ्या आयत्या पट्ट्यांसारख्या असल्यामुळे ती उभी करून रंगवली की कुंपणाला टेकवण्याजोगा ध्वज तयार होतो, जरी फळ्या क्वचितच तेरा भरतात आणि करणाऱ्याला सातवर समाधान मानावे लागते. इथे एक दक्षता अत्यावश्यक आहे. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या पॅलेटवर किडीच्या बंदोबस्ताचा शिक्का असतो; ‘एचटी’ म्हणजे उष्णतेची प्रक्रिया केलेले लाकूड, ते घरात वापरायला हरकत नाही, तर ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले, ते मुळीच घेऊ नये. जुन्या खिडक्यांची झडपे वा दारे वापरतानाही असाच विचार हवा, कारण घरगुती रंगातील शिशावर अमेरिकेत १९७८ साली बंदी आली आणि त्याआधीच्या रंगाचे पोपडे खरवडताना उडणारी धूळ मुलांना घातक ठरते.

या सगळ्याचा कायद्याशी संबंध काय, हा प्रश्न भारतीय वाचकाच्या मनात सहज येईल. अमेरिकेची ध्वजसंहिता १९२३ च्या परिषदेत आकाराला आली आणि १९४२ मध्ये काँग्रेसने तिला कायद्याचे रूप दिले. ध्वजाचा पोशाख, अंथरूण वा पडदा करू नये, तो उशांवर भरू नये, कागदी रुमालांवर किंवा वापरून फेकून देण्याच्या कोणत्याही वस्तूवर छापू नये, असे ती सांगते. सजावटीसाठी ती प्रत्यक्ष ध्वजाऐवजी ‘बंटिंग’, म्हणजे तीन रंगांचे साधे कापड, सुचवते आणि त्यात निळा वर, पांढरा मध्ये व लाल खाली असावा असा क्रमही घालून देते. कठड्यांवरच्या अर्धवर्तुळाकार चुणीदार पंख्यांचे मूळ या कापडात आहे. मात्र संहिता मोडणाऱ्याला शिक्षा नाही, आणि ध्वज जाळणे हेसुद्धा संरक्षित अभिव्यक्तीत मोडते असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८९ व १९९० मध्ये दिला. भारतात १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानप्रतिबंधक कायद्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. भारतीयाला म्हणूनच अमेरिकी अंगणातली मोकळीक क्षणभर खटकते.

पण जरा बारकाईने पाहिले तर खटकायला हवी ती दुसरीच गोष्ट. ४ जुलैच्या दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाणाऱ्या ध्वजछापाच्या कागदी थाळ्या, रुमाल आणि प्लॅस्टिकच्या झेंड्या या संहितेच्या अक्षराला आणि आशयालाही सोडून आहेत, आणि १५ ऑगस्टनंतर महाराष्ट्रात गावोगावी रस्त्यातले कागदी झेंडे वेचणाऱ्या मुलांना हे दुःख वेगळे समजावून सांगावे लागत नाही. डब्याचा कंदील किंवा पॅलेटची चौकट ही ध्वजाची प्रतिकृती नसून त्याच्या रंगांची आठवण असते, वर्षानुवर्षे माळ्यावरून उतरते, आणि कचऱ्याच्या वाटेवरची वस्तू मानाच्या जागी नेते. जीर्ण ध्वज सन्मानपूर्वक, शक्यतो जाळून, नष्ट करावा असे संहिता म्हणते, आणि ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्या शाखा त्यासाठी ध्वज गोळा करतात. पण जीर्ण ध्वजावरचे भरतकाम केलेले तारे आधी अलगद काढून ते सैनिकांना आठवण म्हणून देण्याची रीतही काही ठिकाणी पडली आहे. पिकर्सगिल यांच्या ध्वजाचे तुकडे जपणाऱ्यांची भावना तिच्यात पुन्हा दिसते.

उत्तर अमेरिकेतील मराठी कुटुंबांना हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची अनेक अधिवेशने ४ जुलैच्या आसपासच्या सुट्यांत भरली आहेत, आणि शेजारच्या ओसऱ्यांवरची बंटिंगे या कुटुंबांतली मुले लहानपणापासून पाहतात. त्यांच्या आई-वडिलांनी दिवाळीच्या सुट्टीत दगड, माती, फुटक्या विटा आणि पोत्याचे तुकडे जमवून अंगणात किल्ला केलेला असतो. बाजारातून आणावी लागत ती फक्त शिवाजी महाराजांची आणि मावळ्यांची मातीची चित्रे. राष्ट्राची स्मृती घरच्या टाकाऊ सामानातून अंगणात उभी करण्याचा तोच हा उद्योग आहे, आणि या मुलांना दोन्ही करण्याचा पुरा हक्क आहे.

४ जुलै २०२६ ही अमेरिकेच्या स्वातंत्र्याची २५० वी वर्षगाठ. १८७६ च्या शताब्दीने जेफरसन परगण्यातले फाटक दिले. १९७६ च्या द्विशताब्दीत घरोघरी गोधड्या शिवल्या गेल्या आणि अनेक शहरांत रस्त्यालगतचे आग विझवण्यासाठीचे पाण्याचे नळ सैनिकांच्या वेशात रंगवले गेले. या वर्षगाठीच्या निमित्ताने घरात जे काही केले जाईल, त्याच्या मागच्या बाजूला करणाऱ्याचे नाव, गाव आणि साल टिकाऊ शाईने अवश्य लिहावे. डार्लिंग कुटुंबाच्या फाटकावर कोणी ते लिहिले नाही, आणि म्हणून संग्रहालयाच्या पाटीवर आजही ‘कर्ता अज्ञात’ अशीच नोंद आहे.